सीट मागं जाते

मागून कुणी हॉर्न वाजवला की मॅडम गाडीतून खाली उतरायच्या. शिकणारी बाई स्टिअरिंगवर घामाघूम, गाडी ऐन चौकात बंद पडलेली, मागं रांग लागलेली. आणि मॅडम सावकाश दार उघडून हॉर्नवाल्यापर्यंत चालत जायच्या. त्याच्या खिडकीत वाकून म्हणायच्या, "बोला."

"काय बोला?"

"बोलावलंत ना मला? आले. काय काम आहे?"

तो काहीतरी पुटपुटायचा, घाई आहे वगैरे. "मग उडत जा," असं सांगून मॅडम तितक्याच सावकाश परत यायच्या आणि शिकणारीला म्हणायच्या, "आता आरामात चालू कर. तो गप्प बसलाय." एकदा मुंबई नाक्यावर त्यांनी पोलिसांच्या जीपलाही असंच विचारलं होतं. आतल्या साहेबांनी चक्क सॉरी म्हटलं.

हा किस्सा नाशिकमध्ये अजूनही लोक हसून सांगतात. मॅडम म्हणजे काय बाई होती, तोफ होती, विनाकारण भडकायची, असं म्हणतात. मला ते हसणं सहन होत नाही. विनाकारण म्हणे! कारण मला माहीत आहे, म्हणून हे लिहायला बसले.

शरणपूर रोडला एका झेरॉक्सच्या दुकानाशेजारी मॅडमचं ड्रायव्हिंग स्कूल होतं, फक्त बायकांसाठी. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं आणि नाशिकमध्ये गाडी चालवणारी बाई दिसली की रिक्षावाले वळून बघायचे. मॅडमचे वडील देवळाली कॅम्पात तोफखान्याच्या जवानांना ट्रक शिकवायचे. मॅडम त्याच ट्रकांवर शिकल्या आणि आवाजही तिथूनच घेऊन आल्या. अंगानं उंच, लग्न केलेलं नाही, साडी खोचलेली, पायात पुरुषी कातडी बूट. गॅरेजवाले त्यांना पाठीमागं 'तोफ' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. फोनवर कधीकधी स्वतःच सांगायच्या, "हां, तोफ बोलतेय. माझी गाडी झाली का?"

गाडीच्या डिकीत जुन्या कॅनव्हासच्या बुटांचं खोकं असायचं, सगळ्या मापांचे. चप्पल घालून आलेल्या बाईला त्यातले बूट घालावेच लागत. त्या बुटांना असा वास यायचा की काही जणी दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं घरचे बूट घालून येत. पहिले काही दिवस इंजिन चालूच करू द्यायच्या नाहीत. गोल्फ क्लबच्या मैदानावर आम्ही दोघी-तिघींनी गाडी ढकलायची आणि आत बसलेलीनं ब्रेक मारायचा. पुन्हा ढकलायची, पुन्हा ब्रेक. मैदानावर क्रिकेट खेळणारी पोरं खेळ थांबवून बघायची. "आधी थांबायला शिका," मॅडम ओरडायच्या, "चालायला काय, गाढवसुद्धा चालतं."

मी तिथं शिकायला गेले आणि तिथंच राहिले. माझी उंची बेताची. मॅडमनी पहिल्या दिवशी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि "छोटी" हे नाव ठेवलं, ते कायमचं. परवाना मिळाल्यावर त्या म्हणाल्या, "घरी बसून काय करणार आहेस? इथं ये. ठेंगण्या बायकांना ठेंगणी मास्तरीण बरी." आम्हा ठेंगण्या बायकांच्या सीटचा त्यांना ध्यासच होता. प्रत्येकीला बसवलं की खाली वाकून सीटचा दांडा ओढायच्या. "अजून पुढं घे. अजून. पाय पोचला पाहिजे. क्लच पार तळाला गेला पाहिजे." आपण बसलो की सीट पुढच्या शेवटच्या खाचेत जायची आणि खट् आवाज यायचा.

सुनंदा माझ्याहूनही ठेंगणी होती. नांदगावची मुलगी, नाशिकमध्ये प्राथमिक शाळेत शिकवायची. नवरा बँकेत, सासर कळवणकडचं. बोलायला हळू, पण गाडीवर बसली की हात असा स्थिर की बघत राहावं. मॅडम कुणाचं कौतुक करत नसत. सुनंदानं पहिल्यांदा चढावर गाडी थांबवून मागं न जाऊ देता पुन्हा काढली, तेव्हा त्यांनी पिशवीतले फुटाणे काढून तिच्यापुढं धरले, एवढंच. पेठ रोडला परवान्याच्या परीक्षेला साहेबानं तिला विचारलं, "मिस्टर नाही आले?" मॅडम मागूनच गरजल्या, "त्यांची परीक्षा आहे का?"

तिच्या नवऱ्यानं मग एक लहान गाडी घेतली, वापरलेली. त्या काळात ती गाडी घरोघरी दिसायची. आमच्या ड्रायव्हिंगच्या शाळेतली गाडीही तसलीच होती. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. मॅडमनी लिहिलं असतं, आणि ठळक लिहिलं असतं. नवरा स्वतः मात्र शिकला नाही. "घरातच ड्रायव्हर आहे की माझी," असं चारचौघांत सांगायचा.

एका रविवारी ते सासू-सासऱ्यांना घेऊन सप्तशृंगी गडावर निघाले. सुनंदा चालवत होती, नवरा शेजारी, म्हातारा-म्हातारी मागं. नांदुरीचा घाट अर्धा चढून झाल्यावर पुढची एसटी वळणावर थांबली. सुनंदाही थांबली, हँडब्रेक लावला. एसटी हलली. सुनंदानं क्लच दाबला, गिअर टाकला, हँडब्रेक सोडला आणि तिची सीट मागं गेली.

नंतर तिनं आम्हाला सांगितलं ते असं : "खट्ट झालं आणि मी मागं गेले, मॅडम. पाय हवेत. ब्रेक मला दिसत होता, पण पोचत नव्हता. धरायला काही नव्हतं म्हणून स्टिअरिंगच धरलं, तर तेही वळलं." गाडी मागं घरंगळली आणि दगडी कठड्यावर आपटली. आपटला तो मागचा कोपरा, सासरे बसले होते तो. नाशिकच्या सिव्हिलला पोचायच्या आधीच ते गेले.

पोलिसांनी विचारलं तेव्हा नवऱ्यानं सांगितलं, "तिनं ब्रेक दाबलाच नाही." हे वाक्य खरं होतं. त्या वाक्याची मला आजही चीड येते ती त्यामुळंच. हँडब्रेक त्याच्या गुडघ्याला लागून होता, तो त्यानं ओढला नाही, हे मात्र कुणी त्याला विचारलं नाही. सासू दवाखान्याच्या पायऱ्यांवर छाती बडवत होती. "हिनंच मारलं आमच्या म्हाताऱ्याला. लय हौस होती गाडीची. बाईच्या जातीला कशाला लागती गाडी?" सुनंदा तिथंच उभी होती, कपाळाला पट्टी, आणि कुणी तिला बस म्हटलं नाही. निष्काळजीपणानं मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा तिच्यावर दाखल झाला. तेराव्यानंतर तिला नांदगावला माहेरी पाठवून दिलं.

पेपरात चार ओळी आल्या : महिला चालकाचा ताबा सुटला. शरणपूर रोडला समोरचा टायरवाला मला ऐकू येईल असं कुणाला तरी म्हणाला, "मी म्हणतच होतो." आमच्याकडं नाव घातलेल्या काही जणींच्या घरच्यांनी त्यांना थांबवलं. मॅडम त्या दिवसांत ओरडल्या नाहीत. आम्हाला ते विचित्र वाटायचं. नांदगावला जाऊन त्यांनी सुनंदाला एकच प्रश्न विचारला. "सीट कुठं होती?"

"पुढं. तुम्ही सांगता तशी. पार पुढं."

गाडी कळवणच्या पोलीस ठाण्याच्या आवारात लावलेली होती. परिवहन खात्याच्या निरीक्षकानं ती तपासली होती : ब्रेक ठीक, स्टिअरिंग ठीक, सीट मजबूत. तो बसून, हलवून, धक्के देऊन बघून गेला होता. तिथला गॅरेजवालाही बसून बघून गेला होता. मॅडमही बसल्या, मागं रेटा देऊन पाहिला. सीट जागची हलली नाही. परतीच्या एसटीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. वणीच्या अलीकडं एकदम माझ्याकडं वळून म्हणाल्या, "छोटी, त्या सीटवर बसलं कोण कोण? तो निरीक्षक, तो गॅरेजवाला, मी. सगळे ताडमाड. आम्ही बसलो की सीट आधी मागं घेतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही शाळेची गाडी काढली. म्हसरूळच्या पुढं, चामरलेण्याच्या बाजूला तेव्हा वस्ती विरळ होती आणि चढाचा एक चांगला रस्ता होता. मॅडमनी मागच्या चाकांपासून हातभर अंतरावर मोठे दगड लावले. मला बसवलं, दांडा ओढून सीट शेवटच्या खाचेत घेतली. खट्. मग त्या शेजारी बसल्या आणि हँडब्रेकवर हात ठेवला.

"थांब आणि काढ. थांब आणि काढ. मी म्हणेपर्यंत."

पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. मला वाटायला लागलं की सुनंदा खरंच घाबरली असेल, बिचारी. त्यानंतर कधीतरी मी क्लच रेटला आणि माझ्याखालून जमीन निघून गेली. दुसरा शब्द नाही त्याला. समोरची काच लांब गेली, पाय वर उचलले गेले, हातांनी स्टिअरिंगला लोंबकळले. मी किंचाळले. मॅडमनी हँडब्रेक खेचला, गाडी दगडांना टेकली आणि थांबली.

आम्ही उतरलो. मॅडमनी गाडीत डोकं घालून सीटखाली पाहिलं. सीट सरकते त्या पट्टीला खाचा असतात आणि त्यात सीटची खिटी अडकते. बाकी सगळ्या खाचांत ती पूर्ण बसत होती. सगळ्यांत पुढच्या खाचेत पट्टीचा शेवट आड यायचा आणि खिटी जेमतेम अर्धी बसायची. आवाज तोच, खट्. जोर पडला की सुटायची. कधी सुटेल त्याचा नेम नाही.

मॅडम रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या. तोफ म्हणवणारी ती बाई अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "मी सांगत होते गं सगळ्यांना. अजून पुढं घे. अजून पुढं." मग त्यांनी पायातला एक बूट काढला आणि गाडीच्या दारावर मारला. पुन्हा मारला. दाराला पोचा आला, तो त्यांनी कधी काढून घेतला नाही.

त्यानंतर आम्ही आमच्या जुन्या विद्यार्थिनींच्या घरी फिरलो, ज्यांच्याकडं ती गाडी होती त्यांच्या. गंगापूर रोड, सिडको, नाशिकरोड. एक जण म्हणाली, "हो मॅडम, आमची जाते मागं कधीकधी. मी सीटच्या मागं लाकडाचा ठोकळा लावते." दुसरी म्हणाली की तिनं चढावर गाडी नेणंच सोडलंय. मॅडमनी प्रत्येकीला विचारलं, आधी का नाही बोललीस? उत्तर सगळ्यांचं एकच. वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय.

आग्रा रोडच्या शोरूममध्ये मॅनेजरनं आम्हाला थंड पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि सांगितलं, "कंपनीकडं अशी एकही तक्रार नाही." मॅडम म्हणाल्या, "आता आहे." त्या रोज जाऊन बसायला लागल्या. शोरूमच्या मधोमध, नव्या गाडीशेजारच्या खुर्चीत. गिऱ्हाईक आलं, त्यात बाई असली की मॅडम तिला विचारायच्या, "सीट पुढं ओढून बघितली का?" शेवटी मॅनेजरनं हात टेकले आणि कंपनीचा इंजिनिअर बोलावला.

इंजिनिअर तरुण होता, सहा फुटांच्या आसपास, कडक इस्त्रीचा शर्ट. त्यानं आमच्या गाडीत बसून सीट मागं-पुढं केली. "मॅडम, मेकॅनिझम परफेक्ट आहे. कसं आहे, लेडीज ड्रायव्हर्सचा चढावर जरा कॉन्फिडन्स जातो, मग..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मॅडम वाकल्या, दांडा ओढला आणि तो बसलेला असतानाच सीट ढकलत ढकलत पार पुढं नेली. त्याचे गुडघे स्टिअरिंगखाली अडकले, छाती हॉर्नवर दाबली गेली आणि हॉर्न वाजायला लागला. शोरूममधले सगळे बाहेर आले.

"हां, आता चालवा," मॅडम म्हणाल्या.

"अहो, असं कसं चालवणार? नॉर्मल माणूस असा बसतच नाही!"

हॉर्न वाजत होता. मॅडम त्याच्या तोंडाजवळ वाकल्या. "माझी ही छोटी अशी बसते. सुनंदा अशी बसत होती. माझ्या निम्म्या बायका अशा बसतात. त्या कोण आहेत? तुमच्या कारखान्यात ही सीट बसवली तेव्हा एका तरी बाईला बसवून पाहिलंत?"

सुटका करून घेतल्यावर तो सीटखाली वाकून बराच वेळ बघत राहिला. उठला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता. त्याला दिसलं होतं. त्याला दिसलं होतं हे मी शपथेवर सांगेन. तो मॅनेजरला घेऊन आत गेला, दार लावून घेतलं, आणि बाहेर आल्यावर आम्हाला म्हणाला, "आम्ही वर कळवतो."

काही महिन्यांनी पेपरात जाहिरात आली. आपल्या लाडक्या ग्राहकांसाठी मोफत तपासणी शिबिर. मैदानावर मांडव घातला, चहा ठेवला, येईल त्याला टोपी आणि किल्लीला लावायचा बिल्ला. गाड्या धुऊन देत होते, हवा तपासत होते, आणि धुता धुता प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हर सीटची खिटी आणि पट्टी बदलत होते. कुणाला काही न सांगता. मालक टोपी घालून चहा पीत होते.

परदेशात गाडीत खोट निघाली की कंपनी तसं जाहीर करते आणि गाड्या परत बोलावते, हे मॅडमनी वाचलं होतं. रिकॉल हा शब्द मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. त्या मांडवापाशी उभ्या राहून ओरडल्या, "बोलावलंय, पण चोरासारखं. सांगा ना! चूक आमची होती असं एका ओळीत सांगा! एक बाई गुन्हेगार म्हणून बसलीय तिकडं!" मग त्या दारात गेल्या आणि आत येणाऱ्या प्रत्येक गाडीला थांबवून सांगू लागल्या, "सीटची खिटी बदलतायत. का बदलतायत ते विचारा." बहुतेकांनी काच वर केली. एक गृहस्थ म्हणाले, "फुकट बदलतायत ना, मग तुमचं काय जातंय?"

मॅनेजरनं पोलीस बोलावले. आलेला हवालदार मॅडमना ओळखत होता. तो अवघडून म्हणाला, "मॅडम, ही त्यांनी भाड्यानं घेतलेली जागा आहे. तुम्ही रस्त्याच्या पलीकडं उभ्या राहा, मग मला काही म्हणता येणार नाही." मॅडम पलीकडं गेल्या. तिथून त्यांचा आवाज मांडवात व्यवस्थित पोचत होता. संध्याकाळपर्यंत घसा बसला, तरी बोलत होत्या.

कळवणच्या कोर्टात सुनंदाचा खटला उभा राहिला तेव्हा मॅडम साक्षीला गेल्या. मीही गेले. सरकारी वकिलानं विचारलं, "तुम्ही इंजिनिअर आहात का?" नाही. "कंपनीनं असा काही दोष मान्य केला आहे का?" नाही. कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला की शिबिर ही ग्राहकसेवा होती, सुधारित भाग बसवणं हे नेहमीचंच काम. तो सहा फुटी इंजिनिअर आला नाही. त्याची बदली झाली होती म्हणे. सुनंदाच्या वकिलानं मात्र एक चांगलं केलं. अपघातातल्या गाडीची ती पट्टी खिटीसकट काढून आणायला लावली आणि न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी खिटी शेवटच्या खाचेत बसवली, अंगठ्यानं दाबली. ती सुटली. त्यांनी पुन्हा बसवली.

सुनंदा सुटली. संशयाचा फायदा देऊन.

तिचे वडील हात जोडून रडत होते. सुनंदा बाकाला धरून उभी होती, चेहरा कोरा. आणि कोर्टाच्या आवारात मॅडम कडाडल्या, "संशय? कसला संशय? कुणाचा संशय? तिनं काही केलंच नाही, तर फायदा कसला देता?" लोक जमले. वकील त्यांना शांत करत होता. मॅडम सुनंदाचा दंड धरून म्हणाल्या, "आपण वरच्या कोर्टात जाऊ. आणि कंपनीवर वेगळी केस टाकू. मी बघते सगळं."

सुनंदानं हळूच दंड सोडवून घेतला. "मॅडम, मला आता शाळेत जायचंय. मुलांना शिकवायचंय. मला पुन्हा तो घाट सांगायचा नाही कुणाला."

"म्हणजे त्यांना सोडायचं?"

"मला सोडा," सुनंदा म्हणाली.

मॅडम पुढं कितीतरी दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. राग त्यांना कुठं ठेवावा ते कळत नव्हतं आणि तो त्या बिचारीवर गेला. मला ते पटलं नाही, तसं मी बोललेही. तर माझ्याशीही अबोला. सुनंदाचा नवरा मात्र निकालानंतर तिला न्यायला गेला, मोठेपणानं, म्हणे झालं गेलं विसरू. तिनं दार उघडलं नाही, हे ऐकल्यावर मॅडमनी नांदगावची एसटी पकडली. जाताना फुटाण्यांची मोठी पुडी घेऊन गेल्या. दोघींचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. सुनंदा आजही शिकवते. गाडी तिनं पुन्हा कधी चालवली नाही.

दोन हजार साल उलटल्यावर नाशिकमध्ये नव्या गाड्यांचा पूर आला. ड्रायव्हिंग स्कूलं गल्लोगल्ली झाली आणि मॅडमनी आपली शाळा बंद केली. गुडघे गेले होते. पण त्या जुन्या मॉडेलच्या गाड्या अजून रस्त्यावर होत्या. शिबिराला न आलेल्या गाड्या विकल्या गेल्या होत्या, पुन्हा विकल्या गेल्या होत्या, स्वस्तात नवशिक्यांच्या हाती पडत होत्या. त्यांना कोण सांगणार? कंपनीनं कधीच काही सांगितलं नव्हतं, मग आता काय सांगणार? मॅडम काठी टेकत कॉलेज रोडला फिरायला जायच्या आणि तशी गाडी लावलेली दिसली की तिथंच उभ्या राहायच्या, मालक येईपर्यंत. कुणी वेडी म्हणे, कुणी पैसे पुढं करी. मी बरोबर असले की मला मेल्याहून मेल्यासारखं होई, पण त्यांना सोडून जाता येत नसे.

असंच एका सकाळी भाजी घेऊन एक जोडपं आलं. तिशीतली बाई, ठेंगणी, गाडीची किल्ली तिच्या हातात. मॅडमनी सरळ विचारलं, "तू चालवतेस? सीट पार पुढं घेतेस ना?"

नवरा पुढं झाला. "ओ आजी, काय काम आहे तुमचं? ओळख ना पाळख."

"सीट मागं जाते या गाडीची. चढावर."

"कुणी सांगितलं तुम्हाला? मेकॅनिकला दाखवून घेतलीय. एकदम ओके गाडी आहे. चल गं."

ती बाई हलली नाही. भाजीची पिशवी तशीच धरून ती मॅडमकडं बघत होती. मग नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "जाते."

"काय जाते?"

"सीट. मागं जाते. मी तुम्हाला सांगितलं होतं. तपोवनात जाताना सांगितलं. नंतर परत सांगितलं. तुम्ही म्हणालात, गाडीला नावं ठेवू नको, आधी नीट शिक."

तो म्हणाला, "असं कधी म्हणालो मी?" पण आवाज उतरला होता.

मॅडमनी तिच्या हातातली किल्ली घेतली आणि माझ्याकडं दिली. "छोटी, गाडी तू घे. सीट एक खाच मागं ठेवून, पाय ताणून चालव, सरळ सपाट रस्त्यानं. द्वारका चौकात जाऊ." त्या चौकाजवळ वेल्डिंगचं दुकान होतं. कंपनीकडं त्या गाडीचे भाग मिळणं केव्हाच बंद झालं होतं, म्हणून वेल्डरनं सीट तिच्या मापाला पुढं घेतली आणि पट्टीतून आरपार बोल्ट ठोकून ती तिथंच कायमची जखडून टाकली. नवरा म्हणाला, "म्हणजे आता मला चालवता नाही येणार." वेल्डरनं बोल्टवर आणखी एक ठोका दिला.

काम झाल्यावर ती बाई आत बसली. दार लावलं. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, पाय पुढं रोवले आणि पाठीनं सीट मागं रेटली. सीट हलली नाही. तिनं पुन्हा रेटली, जास्त जोरानं. पुन्हा. आम्हाला आधी वाटलं, तपासून बघतेय. मग गाडी हलायला लागली, सगळी गाडीच, स्प्रिंगांवर मागंपुढं, आणि ती दात आवळून रेटतच होती, केस सुटलेले, चेहरा लाल. वेल्डर हातातलं काम टाकून बघत राहिला.

नवरा काचेवर टकटक करायला पुढं झाला. मॅडमनी काठी आडवी घातली.

"थांबा," त्या म्हणाल्या. "होऊ द्या तिचं."